रोपे घेऊन उपचार करणारा दवाखाना: बोर्निओतील ‘आस्री’च्या सेवेचे परीक्षण

दवाखान्याचे परीक्षण करताना डॉक्टर कसे आहेत, औषधे वेळेवर मिळतात का, बिल किती होते आणि माणसाला माणसासारखे वागवले जाते का, एवढे पाहिले तरी बहुधा पुरते. बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियाकडील भागात, म्हणजे कालिमंतानमध्ये, पश्चिम कालिमंतान प्रांतातील सुकादाना या गावी ‘आलाम सेहात लेस्तारी’ म्हणजेच ‘आस्री’ ही संस्था जो दवाखाना चालवते, त्याच्याबाबत मात्र आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे शेजारच्या जंगलातली झाडे उभी आहेत की नाहीत. हा दवाखाना मुळात गुनुंग पालुंग राष्ट्रीय उद्यान वाचावे म्हणून उभा राहिला आणि रुग्णाला बिलात किती सूट मिळेल हे त्याच्या गावातून त्या उद्यानात किती तोड होते यावर ठरते. प्रस्तुत परीक्षण संस्थेने जाहीर केलेली माहिती आणि प्रसिद्ध संशोधन यांच्या आधारे, पण रुग्णापेक्षा असा प्रकल्प स्वतः चालवू पाहणाऱ्या व्यवस्थापकाच्या नजरेने केले आहे. कारण आरोग्य आणि वन्यजीव यांची सांगड घालण्याच्या घोषणा पुष्कळ ऐकू येतात, पण ती सांगड रोजच्या कामकाजात, नोंदवहीत आणि बिलाच्या पावतीवर कशी उतरते हे दाखवणारी उदाहरणे थोडी आहेत.

गुनुंग पालुंग हे सुमारे १ लाख हेक्टरांचे उद्यान खारफुटीपासून दलदलीच्या जंगलापर्यंत आणि पुढे डोंगरमाथ्यापर्यंत पसरलेले आहे आणि त्यात अंदाजे २,५०० ओरांगउटान (माणसाशी जवळचे नाते असलेले मोठे वानर) राहतात. बोर्निओचा ओरांगउटान २०१६ पासून अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. १९८५ ते २००१ या काळात कालिमंतानमधील संरक्षित सखल जंगलांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५६ टक्क्यांपेक्षा जास्त क्षेत्र नष्ट झाले, आणि तेही कागदोपत्री संरक्षण असताना. अमेरिकेच्या किनारी वेब १९९३ मध्ये ओरांगउटानच्या अभ्यासासाठी येथे आल्या, तेव्हा त्यांना दिसले की लाकूडतोड करणारी अनेक माणसे हौसेने किंवा हावेने जंगलात जात नव्हती; घरातले कोणी आजारी पडले की रोख पैसा उभा करण्याचा तोच एक मार्ग त्यांच्यापाशी होता. भाताचे पीक हंगामात पैसा देते, झाड मात्र याच आठवड्यात देते, आणि बाळंतपणातली अडचण हंगामाची वाट पाहत नाही. वेब पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन परतल्या, २००५ मध्ये त्यांनी आस्रीला पाठबळ देणारी ‘हेल्थ इन हार्मनी’ ही संस्था स्थापन केली, आणि दंतवैद्य होतलिन ओम्पुसुंगू यांच्यासह २००७ मध्ये सुकादानाचा दवाखाना सुरू केला.

सेवेचे गुणदोष पाहण्यापूर्वी ती ठरली कशी हे सांगणे आवश्यक आहे, कारण माझ्या मते या प्रकल्पाच्या यशाचा मोठा वाटा तिथेच आहे. दवाखाना उघडण्याआधी उद्यानाभोवतीच्या गावांमध्ये ४०० तासांहून अधिक काळ बैठका झाल्या. त्या बैठकांत गावकऱ्यांना योजना समजावून सांगितली गेली नाही. या जंगलाचा लाभ साऱ्या जगाला होतो, तर त्याची राखण करण्यासाठी तुम्हाला मोबदल्यात काय हवे, असे त्यांना विचारले गेले. उत्तरे गावागणिक वेगळी येतील असे वाटणे साहजिक होते, परंतु दोन मागण्या सगळीकडून आल्या: परवडणारी आणि चांगल्या दर्जाची आरोग्यसेवा, आणि सेंद्रिय शेतीचे शिक्षण. दुसरी मागणी बाहेरच्या तज्ज्ञाला सहज सुचली नसती. जमीन कसदार राहिली नाही की नवी जमीन मिळवण्यासाठी जंगल जाळावे लागते, आणि विकतची खते घ्यायला पैसा नसतो. म्हणजे शेणखत बनवता येणे हा तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीने जंगल न जाळता जगण्याचा उपाय होता. निधी देणाऱ्या संस्थांच्या अंदाजपत्रकात ऐकण्याच्या कामाला वेगळा रकाना नसतो, आणि असलाच तरी काटछाटीची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते. आस्रीने ही कात्री लागू दिली नाही, याचे श्रेय तिला द्यायलाच हवे.

आता मूळ सेवेकडे येऊ. सुकादानात बाह्यरुग्ण तपासणी, दंतोपचार आणि क्षयरोगावर देखरेखीखाली दिली जाणारी औषधे अशी सोय आहे. दूरच्या वस्त्यांसाठी फिरता दवाखाना आहे, आणि पुढील काळात अधिक मोठे वैद्यकीय केंद्रही उभे राहिले. क्षयरोगाच्या कामासाठी गावांतलेच कार्यकर्ते नेमले जातात, जे रुग्ण गोळ्या घेतो की नाही हे त्याच्या घरी जाऊन पाहतात. वैद्यकीय बाजू एवढीच असती तर ती एका नीट चालणाऱ्या ग्रामीण दवाखान्याची सामान्य कहाणी ठरली असती, म्हणून तिच्यावर अधिक शब्द खर्च करत नाही. 

खरी गंमत पैसे भरण्याच्या खिडकीवर आहे. रुग्णाकडे रोख रक्कम नसेल तर तो झाडांची रोपे, शेणखत, हाताने विणलेल्या चटया आणि टोपल्या देऊन किंवा श्रम करून बिल फेडू शकतो. ही सोय पाहुण्यांना दाखवण्यापुरती असेल असा संशय प्रथम येतो, पण वस्तूंचा पुढचा प्रवास पाहिला की तो मावळतो. रोपे तोड झालेल्या जमिनीवर पुन्हा जंगल उभे करण्यासाठी लावली जातात आणि खत सेंद्रिय शेतीच्या कामी येते, म्हणजे रुग्णाने दिलेली वस्तू प्रकल्पाच्याच दुसऱ्या विभागाची गरज भागवते. त्यामुळे दवाखान्याला वनीकरणाचा आणि वनीकरणाला दवाखान्याचा आधार मिळतो, आणि दोन्ही विभागांना एकमेकांची गरज कागदावर नव्हे तर दर आठवड्याच्या व्यवहारात पटते. एकाच छपराखाली दोन खाती थाटून त्यांना ‘एकात्मिक’ म्हणणाऱ्या प्रकल्पांत नेमके हेच नसते.

या सोयीची किंमत व्यवस्थापकाला मोजावी लागते, हेही नमूद करायला हवे. नोटेचे मूल्य सगळ्यांना ठाऊक असते, रोपाचे ठरवावे लागते. कोणत्या जातीचे रोप, किती वाढलेले, मुळे धड आहेत की नाहीत, लागवडीचा हंगाम येईपर्यंत ते जगवायचे कुणी, अशा प्रश्नांना रोज उत्तर द्यावे लागते. चटया साठल्या तर त्या विकायची व्यवस्था लागते. आणि लेखापरीक्षकासमोर हे सगळे पैशांत मांडावे लागते. ज्या संस्थेला साधा रोखीचा हिशेब वेळेवर पूर्ण करता येत नाही तिने या मार्गाला जाऊ नये. परंतु ज्या कुटुंबाकडे रोख पैसा नसल्यामुळेच झाड पडते, त्या कुटुंबाकडून रोख पैसाच मागणारा दवाखाना जंगल वाचवण्याच्या कामात स्वतःच अडथळा ठरला असता. तेव्हा हा खटाटोप टाळण्याजोगा नव्हता.

सवलतीची पद्धत या प्रकल्पाचा सर्वाधिक गाजलेला भाग आहे. उद्यानालगतच्या गावांवर तोडीच्या दृष्टीने लक्ष ठेवले जाते आणि ज्या गावाने तोड थांबवली त्या गावातील रुग्णांना बिलात जास्त, जास्तीत जास्त ७० टक्क्यांपर्यंत, सूट मिळते. ज्या गावात तोड चालू आहे तेथील लोकांना कमी. तोड करणाऱ्या गावातून आला म्हणून रुग्णाला दारातून परत पाठवले जात नाही, ही बाब मला त्या टक्केवारीपेक्षा महत्त्वाची वाटते. उपचार हा हक्क मानायचा आणि सूट हे बक्षीस मानायचे, अशी रेषा येथे आखली आहे. ही रेषा पुसली गेली तर डॉक्टर आणि वनखात्याचा पहारेकरी यांत फरक उरत नाही, आणि मग गावकरी आजार लपवतात, क्षयाचा रुग्ण औषधाला येत नाही, आणि ज्या सार्वजनिक आरोग्यासाठी हा सारा उद्योग मांडला तेच कोसळते.

याच कारणासाठी तोडीची नोंद ठेवण्याचे काम डॉक्टरांकडे दिलेले नाही. त्यासाठी गावोगावचे ‘साहाबात हुतान’, म्हणजे वनमित्र, आहेत. गावातलीच ही माणसे कोण जंगलात जातो हे जाणतात, त्याच्या घरी जाऊन बोलतात, दुसरा कोणता व्यवसाय करता येईल याची चर्चा करतात आणि गावातल्या परिस्थितीची खबर संस्थेला देतात. हे काम सोपे नाही. शेजाऱ्याच्या करवतीचा आवाज ऐकूनही त्याच्याशी नाते टिकवायचे आणि त्याच वेळी गावाची सूट त्याच्यामुळे कमी होणार हे त्याला सांगायचे, हे पोलिसी धाकाने जमत नाही आणि नुसत्या गोड बोलण्यानेही जमत नाही. अशा प्रकल्पातले सगळ्यात कठीण पद कोणते असे कुणी मला विचारले तर मी वैद्यकीय संचालकाचे नाव घेणार नाही, वनमित्राचे घेईन. आणि त्याच्या मानधनात व प्रशिक्षणात हात आखडता घेणाऱ्या प्रकल्पाबद्दल मला भरवसा वाटणार नाही.

२०१७ पासून संस्था तोड करणाऱ्यांकडून यांत्रिक करवतीही विकत घेते. करवत दिली की तिचा मोबदला आणि छोटा धंदा सुरू करण्यासाठी कर्ज मिळते. ही योजना उशिरा आली, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे. दवाखान्याने आधी दहा वर्षे विश्वास मिळवला नसता, तर जुनी करवत विकून त्या पैशांतून नवी घेण्याचा मोह आवरणे कठीण गेले असते. विधवांना शेळ्या देण्याचा उपक्रमही चालतो, ज्यात लाभार्थी पुढे करडू आणि खत परत देते. आकाराने लहान असला तरी घरातला कमावता माणूस गेल्यावर जंगलाकडे वळणारे पाऊल तो थांबवतो आणि खताचा पुरवठाही वाढवतो.

आता परिणामांकडे वळू. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात या प्रकल्पाच्या पहिल्या दहा वर्षांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांचा प्रमुख सहभाग होता. २८,४०० हून अधिक रुग्णांच्या नोंदी आणि उपग्रहांनी टिपलेली जंगलाची स्थिती शेजारी ठेवून त्यांनी दाखवले की तुलनेसाठी घेतलेल्या क्षेत्रांच्या मानाने गुनुंग पालुंगमधील जंगलतोड सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाली, म्हणजे २७.४ चौरस किलोमीटर जंगल वाचले. त्यात साठून राहिलेल्या कार्बनची किंमत त्यांनी सुमारे ६.५ कोटी डॉलर काढली. मलेरिया, क्षयरोग आणि मधुमेह यांच्या निदानातही लक्षणीय घट आढळली. मला सर्वांत बोलका वाटलेला निष्कर्ष वेगळाच आहे: ज्या गावांनी दवाखान्याचा जास्त वापर केला, त्यांच्या लगतच्या जंगलात तोड अधिक घटली. केवळ आधीचे आणि नंतरचे आकडे दाखवले असते तर लाकडाचा भाव पडला किंवा सरकारी धाडी वाढल्या असा खुलासा देता आला असता. वापर आणि घट एकत्र चालतात म्हटल्यावर तो खुलासा बराच दुबळा पडतो.

तरीही हा अभ्यास दोन सावधगिरी बाळगून वाचायला हवा. लेखकांच्या यादीत वेब यांच्यासह प्रकल्पाशी संबंधित मंडळी आहेत. यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण स्वतंत्र गटाने तेच पुन्हा तपासले तर त्यांचे वजन वाढेल. दुसरे असे की सवलत, वस्तुरूप देयक, वनमित्र आणि शेतीशिक्षण हे सारे एकाच वेळी चालू असल्याने कशाचा किती परिणाम झाला हे वेगळे काढता येत नाही. वृत्तांत वाचताना मात्र ‘झाडे वाचवा, बिलात सूट मिळवा’ एवढेच सूत्र हाती लागते, आणि कुणी नुसती सूट उचलून आपल्याकडे लागू केली तर हाती काही लागेलच असे नाही.

आरोग्य आणि वन्यजीव यांचा संबंध केवळ पैशांचा नाही. जंगल तुटले की डासांची पैदास आणि माणसांचा त्यांच्याशी येणारा संपर्क बदलतो. बोर्निओच्याच मलेशियाकडील भागात माकडांमधून माणसांत येणारा ‘प्लास्मोडियम नोलेसी’ हा मलेरियाचा परजीवी २००४ मध्ये मोठ्या संख्येने रुग्णांत सापडला होता. उलट दिशेने पाहता, माणसाचा क्षयरोग ओरांगउटानलाही होऊ शकतो. शिवाय २०१५ सारख्या वर्षी दलदलीची जंगले पेटली तेव्हा तोच धूर माणसांच्या आणि प्राण्यांच्या फुफ्फुसांत गेला. आस्रीच्या कामाला या बाजूंचाही आधार आहे, पण तिच्या प्रसिद्धीत त्या मागे राहतात. गावकऱ्याला कार्बनपेक्षा धुराचा खोकला लवकर समजतो, म्हणून या बाजू पुढे आणायला हरकत नव्हती.

दोषांबद्दल बोलायचे तर पहिला दोष गावाला मिळून दिल्या जाणाऱ्या सामूहिक सवलतीतच दडलेला आहे. गावातली मोजकी घरे तोड करत असतील तर ज्यांनी करवत कधी हातात धरली नाही अशा घरांनाही जास्त बिल भरावे लागते. गावाचा दबाव तोड करणाऱ्यावर यावा हा हेतू समजतो, आणि तो बऱ्याच अंशी साधलाही असेल. पण दबाव कुणावर पडतो याचा विचार करावा लागतो. गावातला बलवान लाकूडव्यापारी शेजाऱ्यांच्या नाराजीला सहसा भीक घालत नाही, आणि आजारी म्हातारीला मात्र त्याच्या कृत्याची किंमत बिलात मोजावी लागते. वस्तू किंवा श्रम देऊन बिल फेडता येते म्हणून या अन्यायाची धार कमी होते, पूर्णपणे जात नाही. सूट ठरवण्याच्या निर्णयावर गावाला हरकत नोंदवता यावी आणि तिचा निकाल जाहीर व्हावा, अशी तरतूद अशा कोणत्याही योजनेत ठळकपणे लिहिलेली असावी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी अडचण बाहेरून आली आहे. इंडोनेशियाने १ जानेवारी २०१४ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा योजना सुरू केली. नागरिकांच्या दृष्टीने हे उत्तमच, परंतु उपचार इतरत्र विम्यावर मिळू लागले की आस्रीच्या सवलतीचे आकर्षण त्या प्रमाणात घटते. चांगल्या सरकारी योजनेमुळे चांगल्या खासगी योजनेचा पाया डळमळावा, असा हा पेच आहे. यातून वाट काढायची तर विम्यात न बसणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे दूरच्या वस्तीपर्यंत पोहोचणे, घरी जाऊन होणारा पाठपुरावा आणि शेती-व्यवसायाची जोड यांवर भर द्यावा लागेल. या बाबतीत संस्थेची बाजू मुळातच बळकट आहे.

पैशाचा प्रश्न तिसरा. रोपे आणि चटया घेऊन डॉक्टरांचे पगार होत नाहीत, ते देणग्यांतून होतात. वाचलेल्या कार्बनची ६.५ कोटी डॉलर ही किंमत संशोधकांनी काढलेली आहे, ती दवाखान्याच्या तिजोरीत जमा झालेली नाही. असा प्रकल्प देणगीदारांच्या मर्जीवर चालतो तोवर त्याच्या व्यवस्थापकाचा मोठा वेळ अहवाल लिहिण्यात जाणार, आणि आरोग्याचे देणगीदार रुग्णसंख्या विचारणार तर वन्यजीवांचे देणगीदार ओरांगउटान मोजायला सांगणार. दोघांना एकच अहवाल मान्य करायला लावणे हे या क्षेत्रातले अर्धे कौशल्य आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. शिवाय तेलमाडाच्या मोठ्या मळ्यांपुढे ही पद्धत चालत नाही. घरातल्या आजारपणामुळे पडणारे झाड दवाखाना वाचवू शकतो, कंपनीच्या परवान्याने पडणारे नाही. हा आस्रीचा दोष नसून तिच्या औषधाची मर्यादा आहे, पण अनुकरण करणाऱ्याने आपल्याकडची तोड यांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे आधी तपासावे.

हीच पद्धत पुढे बोर्निओतील बुकित बाका बुकित राया उद्यानाभोवती, मादागास्करमधील मानोम्बोच्या जंगलालगत आणि ब्राझीलच्या शिंगू नदीच्या खोऱ्यात नेण्यात आली. विस्ताराच्या या पावलांत मला एक गोष्ट आश्वासक वाटते: तेथेही लोकांना विचारण्यापासून सुरुवात करण्याचे तत्त्व संस्थेने सोडलेले नाही.

दवाखाना म्हणून सुकादानाची सेवा निःसंशय शिफारस करण्यासारखी आहे. प्रकल्पाचा नमुना म्हणून मी तिची शिफारस काही अटींवर करेन. ज्यांच्या परिसरात लोक आजारपणाच्या खर्चापायी जंगलाकडे वळतात, ज्यांच्याकडे वस्तुरूप देयकाचा हिशेब सांभाळणारा काटेकोर लेखापाल आहे आणि ज्यांचा निधी देणारा पहिल्या वर्षी आकडे न मागता बैठकांसाठी पैसे द्यायला तयार आहे, त्यांनी हा नमुना जरूर अभ्यासावा. यांपैकी लेखापाल नंतरही मिळू शकतो. पहिल्या वर्षी थांबायला तयार असलेला देणगीदार मात्र आधीच शोधून ठेवावा, आणि त्याच्याशी होणाऱ्या करारात त्या बैठकांचा खर्च स्वतंत्र रकान्यात लिहून घ्यावा.